श्मीडच्या घरची ओ

इसवी सन १९७७, नोव्हेंबर महिन्याची सहा तारीख, रविवार, सकाळच्या मिस्सेपूर्वीची (चर्चमधील उपासनेपूर्वीची) वेळ. स्थळ : दक्षिण बव्हेरियातील आल्टनरीड हे गाव, घर क्रमांक चौदा, माडीवरील चर्चच्या बाजूची खोली.

“खिडकी उघडा, डॉक्टर,” पलंगावरून क्रेझेंत्सबाई म्हणाल्या.

“बाहेर धुके आहे. आपल्या वैद्यांनी आपणास गारठ्यापासून जपण्यास सांगितले आहे.”

“ते वैद्य आज घोडा घेऊन आलेत, त्यांचं लक्ष नाही. उघडा.”

“खिडकी उघडल्यास खोलीतील सर्व उष्णता निघून जाईल.”

“उष्णता लाकडाची, लाकूड माझं. मला ऐकायचंय.”

“काय ऐकायचे आहे?”

“कोर्बिनियान माझ्या घराचं नाव पुकारील आणि मग कुणी काही बोलणार नाही. ते ऐकायचंय.” त्यांनी दुलई हनुवटीपर्यंत ओढली. “आजवर कशाला कान झाकले नाहीत. आज का झाकू?”

मी खिडकी उघडली. खाली पटांगणात घोडे येऊ लागले होते. त्यांच्या आयाळींच्या वेण्या घालून त्यांत लाल-पांढऱ्या फिती गुंफल्या होत्या, आणि धुक्यात त्यांचे उच्छ्वास चुलीच्या धुरासारखे वर चढत होते. चर्चच्या मनोऱ्यावरील कांद्याच्या आकाराचा घुमट धुक्यात पार नाहीसा झाला होता.

मी त्या काळी आल्टनरीडपासून बसने तासाभरावर असलेल्या एका विद्यापीठात संस्कृत शिकवत असे. मूळचा वाईचा. अभिजात संस्कृत गद्यातील वाक्यरचना हा माझा विषय, डॉक्टर ही पदवीही त्यातलीच, आणि शांतता ही माझी गरज. म्हणून शहरातील खोली सोडून तीन वर्षांपूर्वी मी या गावी क्रेझेंत्स आइगनर नावाच्या वृद्ध विधवेच्या घरी दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. बाईंना मूलबाळ नव्हते. मी मांस खात नाही, हे पहिल्या दिवशी त्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी सहानुभूतीने मान हलवली आणि संध्याकाळी कोबीच्या भाजीत डुकराच्या चरबीचे तुकडे घालून वाढले. मी हरकत घेतली. “हे मांस कुठंय? हा मसाला आहे,” त्या म्हणाल्या. या विषयावर आमचा वाद हिवाळाभर चालला. वसंत ऋतूत कोबीतील मसाला बंद झाला. मात्र आपण हरलो असे त्यांनी कधी मान्य केले नाही.

तिथे घरांना नावे असत. माणसाचे आडनाव सरकारदरबारी आणि थडग्यावर. गावात चाले ते घराचे नाव. सरपंच कोर्बिनियान (तिकडे त्या पदाला निराळे नाव आहे, पण मला सरपंच हाच शब्द योग्य वाटतो) गुत्ता चालवत. गुत्त्याचे घर ‘विर्ट’, म्हणून ते विर्ट. चर्चची देखभाल करणारे इग्नात्स ज्या घरात राहत, ते घर ‘मेस्नर’. आणि आमचे घर ‘श्मीड’, म्हणजे लोहार. ओघानेच मीही श्मीड झालो.

“श्मीड, बिअर?” गुत्त्यात पाऊल टाकले की सरपंच विचारीत.

“माझे नाव ठोसर आहे. शिवाय मी बिअर घेत नाही.”

“बरं. मग श्मीडला सफरचंदाचा रस.”

मला अयथार्थ शब्द सहन होत नाही. एके दिवशी मी त्यांच्यासमोर बसून रीतसर पूर्वपक्ष मांडला. “ज्या घरात लोहार नाही, ऐरण नाही आणि भाताही नाही, त्या घरास लोहाराचे घर म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग आहे. आणि त्या घरातील भाडेकरूस लोहार म्हणणे हा तर दुरुपयोगाचाही दुरुपयोग.”

“लोरेन्झ पण लोहार नव्हता,” सरपंच पेले पुसत म्हणाले. लोरेन्झ म्हणजे क्रेझेंत्सबाईंचे दिवंगत यजमान. “तो दूधगाडी चालवायचा. त्याचा बाप पाव भाजायचा. ऐरण विकली ती त्याच्या आज्यानं. आणि क्रेझेंत्स तर नदीपलीकडून लग्न होऊन आलेली. ती कसली लोहारीण?”

“म्हणजे माझे म्हणणे आपणास मान्य आहे.”

“कुठं मान्य आहे? माणसं येतात, जातात. नाव घराचं असतं. त्या घरात जो चूल पेटवतो, तो श्मीड. संपलं.”

“चूल आइगनरबाई पेटवतात. मी नाही.”

“मग तुम्ही अर्धे श्मीड,” ते म्हणाले आणि रसाचा अर्धा पेला पुढे सरकवून मनापासून हसले.

शेजारच्या टेबलावर इग्नात्स बसले होते. ते ऐंशीच्या घरातले, बोलणे मोजके, एका कानाने बहिरे. कोणता कान बहिरा, हे मात्र प्रसंगाप्रमाणे बदलत असे. त्यांनी विचारले, “ठोसर म्हणजे काय?”

आयुष्यभर शब्दांच्या व्युत्पत्ती शोधणाऱ्या मला माझ्या आडनावाची व्युत्पत्ती ठाऊक नव्हती. मी तसे प्रामाणिकपणे सांगितले.

“श्मीड म्हणजे लोहार,” इग्नात्स म्हणाले आणि पुन्हा पेल्याकडे वळले.

आता त्या दिवसाची रीत सांगितली पाहिजे. सेंट लिओनहार्ड हे तिकडे घोड्यांचे आणि गुराढोरांचे रक्षणकर्ते संत. आमच्या वाईकडे बेंदराला बैलांचे जे कौतुक होते, ते तिथे या संताच्या दिवशी घोड्यांचे. पण आल्टनरीडमध्ये घोड्यांना आशीर्वाद मिळण्याआधी घरांची हाक होई. सरपंच चर्चच्या पायरीवर उभे राहून एकेका घराचे नाव पुकारीत. त्या घरातील एकाने ओ द्यायची, आणि ती ठरलेल्या शब्दांत : “मिया सान् दो.” म्हणजे, आम्ही इथे आहोत. एकटा माणूसही ‘आम्ही’ म्हणे, कारण बोलत असे ते घर. सरपंचांशेजारी हातात काठी घेऊन एक वयोवृद्ध गृहस्थ उभा राही. त्याला ‘ऐकणारा’ म्हणत. ओ ऐकू आली की तो पायरीच्या दगडावर काठी आपटी, आणि मिस्सा संपल्यावर ओ देणाऱ्या प्रत्येक घरी स्वतः एक पाव नेऊन देई. ज्या घरातून ओ आली नाही, त्याचे नाव पुढल्या वर्षापासून पुकारले जात नसे. ‘वेबर’ नावाचे घर असेच माझ्यादेखत मुके झाले होते. घर उभे होते, त्यात कुणी शहरी माणसे सुट्टीत येऊन राहत. पण आल्टनरीडच्या लेखी ते घर उरले नव्हते. ऐकणाऱ्याचा निर्णय अंतिम, आणि ऐकणारे होते इग्नात्स, ज्यांना एका कानाने ऐकू येत नव्हते. यातील विसंगती मी एकदा सरपंचांच्या नजरेस आणली. “म्हणून तर लोक मोठ्यानं ओ देतात,” ते म्हणाले.

त्या वर्षी गोष्ट निराळी होती. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी आल्टनरीडची पंचायत विसर्जित होऊन गाव शेजारच्या मार्क्टकिर्शेन या मोठ्या गावात विलीन होणार होते. सरकारने त्या काळी शेकडो लहान गावांचे असेच केले. कोर्बिनियान सरपंच उरणार नव्हते. घरांना क्रमांकाऐवजी रस्त्यांची नावे मिळणार होती, आणि ती मार्क्टकिर्शेनचे लोक ठरवणार होते, ज्यांची बिअर पातळ असते यावर आल्टनरीडमध्ये दुमत नव्हते. तेव्हा पंचायतीने शेवटच्या बैठकीत ठरवले की, या हाकेला ज्या घरातून ओ येईल, त्या घराचे नाव दारावर गिलाव्यात रंगवून घ्यायचे. पत्ता त्यांचा, नाव आपले. ज्याची ओ येणार नाही, ते घर यापुढे नुसते रस्त्यावरचा एक आकडा.

आणि सप्टेंबरमध्ये क्रेझेंत्सबाई सफरचंदाच्या झाडाखाली घसरून पडल्या आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले.

इस्पितळातून त्यांना घरी आणले, तेव्हा त्यांची देखभाल करायला दुपारी एक परिचारिका येई. बाकीचा वेळ मी होतो. पहाटे उठून मी चूल पेटवू लागलो. प्रथम धूर फार झाला. “लाकूड उभं रचा, आडवं नाही,” माडीवरून त्या ओरडत, आणि मी खालून त्यांना सांगत असे की आडवे रचण्यास माझी कारणे आहेत. आठवडाभराने मी उभे रचू लागलो. माझ्या हातचा वरणभात त्यांनी पहिल्यांदा खाल्ला, तेव्हा पहिला घास तोंडात घोळवला. मग म्हणाल्या, “दात असणाऱ्यांसाठी हे फार मऊ आहे. पण मला कुठं दात आहेत?” आणि ताट पुढे केले.

संध्याकाळी वेळ जाईना, म्हणून त्यांनी मला माझी भाषा शिकवायला सांगितली. मी आनंदाने व्याकरणापासून सुरुवात केली. त्यांना पाणी, मीठ, चूल असले शब्द हवे होते. मी सर्वनामे घेतली.

“मराठीत ‘आम्ही’ दोन आहेत,” मी म्हणालो. “एकात ऐकणारा धरलेला नसतो, ते ‘आम्ही’. दुसऱ्यात तो धरलेला असतो, ते ‘आपण’. ‘आम्ही जेवलो’ म्हणजे ऐकणाऱ्यास वगळून. ‘आपण जेवू’ म्हणजे ऐकणाऱ्यासह.”

“दोन कशाला?”

“अर्थ निःसंदिग्ध व्हावा म्हणून. आपल्या जर्मन भाषेत हा भेद नाही. त्यातून आपली बोली तर अधिकच अव्यवस्थित. ‘मिया’ हा शब्द ग्रंथभाषेच्या कानाला ‘मला’ असा ऐकू येतो, आणि आपण तो ‘आम्ही’ म्हणून वापरता. ‘मला आहोत इथे.’ हे वाक्य होऊ शकत नाही.”

मी तीन वर्षांत बोलीतला एकही शब्द उच्चारला नव्हता. माझे जर्मन ग्रंथांतून आलेले होते, आणि ते मळू देण्याची माझी इच्छा नव्हती. गावकरी म्हणत, श्मीडकडचा डॉक्टर बोलायला लागला की टोपी काढावीशी वाटते.

त्यांनी विचारले, “मग आमच्या ‘मिया’मध्ये तुम्ही धरलेले आहात की नाही?”

“ते आपली भाषा सांगत नाही. तोच तिचा दोष आहे.”

“दोष नाही तो,” त्या म्हणाल्या. “ते ज्याचं त्यानं समजायचं असतं.” मग डोळे मिटून त्यांनी दोन-तीनदा तो शब्द घोळवला. “आपण. आपन. आप-न.” त्यांच्या तोंडी ‘ण’ यायचा नाही. मी दुरुस्त केला. पुन्हा ‘न’च आला.

आपल्या घराची ओ कोण देणार, हे त्यांनी पक्के ठरवून टाकले होते. म्युनिकला त्यांचा एक पुतण्या होता, रूपर्ट. तो विमा विके. तो येऊन ओ देईल, असे त्याने कबूल केले होते. त्याच्यासाठी त्यांनी मला आलुबुखाराचा मुरंबा कपाटातून काढून ठेवायला लावला. शनिवारी संध्याकाळी सरपंच जिना चढून वर आले. गावातला दूरध्वनी त्यांच्याच गुत्त्यात होता. टोपी हातात घेऊन ते दाराशी उभे राहिले, तेव्हाच मला कळले.

“रूपर्टचा फोन होता, श्मीडिन.” श्मीडिन म्हणजे श्मीडच्या घरची बाई. “रस्त्यावर धुकं फार आहे म्हणतो.”

“आणखी काय म्हणतो?”

सरपंचांनी माझ्याकडे पाहिले. “म्हणतो, घर पुढं-मागं विकायचंच आहे. मग दारावर रंगवून काय करायचं?”

“माझ्या मरणानंतर विकायचंय का आधी, ते सांगितलं का?”

“ते नाही सांगितलं.”

“आळशी आहे. लहानपणापासून,” त्या म्हणाल्या. “कोर्बिनियान, मला खुर्चीत घालून खाली न्या.”

“वैद्य परवानगी देणार नाहीत. हाड आत्ता कुठं धरतंय.”

“मग खिडकीतून ओ देते.”

“तुझा आवाज गुत्त्यापर्यंत पण जात नाही हल्ली. आणि हाकेला पटांगणात उभं राहावं लागतं. खिडकीतली ओ धरत नाहीत, तुला ठाऊक आहे. वेबरच्या म्हातारीची धरली नव्हती.”

“धरू नका म्हणून मीच सांगितलं होतं तेव्हा,” क्रेझेंत्सबाई म्हणाल्या. “रीत ती रीत, असं म्हटलं होतं मी. सगळ्यांदेखत.” आणि त्या भिंतीकडे वळल्या. सरपंच गेले. मी मुरंब्याची बरणी परत कपाटात ठेवायला निघालो, तेव्हा पाठमोऱ्याच त्या म्हणाल्या, “राहू द्या. तुम्हीच खा.”

त्यांनी मला ओ द्यायला सांगितले नाही, सूचित केले नाही, माझ्याकडे तशा नजरेने पाहिलेही नाही. हे मी मुद्दाम नमूद करतो, कारण पुढे गावात काही जण तसे म्हणाले.

रविवारी खिडकी उघडल्यावर त्या म्हणाल्या, “जा तुम्ही खाली. शेवटची हाक आहे. तुम्हाला असल्या गोष्टी बघायला आवडतात.”

“आपण एकट्या असाल.”

“मी एकटी नाही. खिडकी उघडी आहे.”

मी खाली जाऊन पाहुण्यांच्या बाजूला, लिंडनच्या झाडाखाली उभा राहिलो. मार्क्टकिर्शेनचे काही लोकही कुतूहलाने आले होते. सरपंच नव्या कोटात, टोपीत डोंगरी रानबोकडाच्या केसांचा झुपका खोवून पायरीवर आले. इग्नात्स काठी घेऊन त्यांच्या शेजारी उभे राहिले. मग हाक सुरू झाली.

“विर्ट.” सरपंचांच्या पत्नीने ओ दिली. काठी पडली.

“मेस्नर.” इग्नात्स यांच्या सुनेने ओ दिली, आणि त्यांनी इतरांच्या इतक्याच जोराने काठी आपटली.

नावामागून नाव जात होते. प्रत्येक ओ निराळ्या आवाजाची, आणि शब्द तेच. कुणी घोड्यावरून, कुणी मूल कडेवर घेऊन. एका तरुणाचा आवाज फाटला आणि लोक हसले. घराची ओ देण्याची ती त्याची पहिलीच वेळ होती.

“श्मीड.”

घोड्यांचे लगाम वाजत होते, तेवढाच आवाज. सरपंचांनी आमच्या खिडकीकडे पाहिले नाही. सबंध पटांगणात कुणीच पाहिले नाही. मी पाहिले. पडद्याच्या कडेशी पांढऱ्या केसांचा एक अंश दिसत होता. उठून बसायला मनाई असताना त्या उठून बसल्या होत्या.

रीतीप्रमाणे हाक तीनदा.

“श्मीड.”

मी मनाशी वाद घालत होतो. ‘आम्ही इथे आहोत’ असे मी म्हटले, तर ते असत्य विधान होईल. मी भाडेकरू आहे. मी या धर्माचा नाही, या मातीचा नाही. पुढल्या वर्षी करार संपला की निघून जाईन. ‘आम्ही’ या शब्दात माझ्याखेरीज कोण आहे, असे कुणी विचारले, तर उत्तर काय? ती ओ ऐकण्यासाठी खिडकीत बसलेली बाई ऐकणारी आहे; आणि ऐकणारा ‘आम्ही’त धरलेला नसतो. इथवर माझा युक्तिवाद निर्दोष होता. मग तो तिथेच मोडला. ऐकणारा धरलेला असतो, असा एक शब्द आहे. तो मीच त्यांना शिकवला होता.

“श्मीड,” सरपंच तिसऱ्यांदा म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज खाली गेला होता.

“वीर सिन्ट आन्वेझेन्ट,” मी म्हणालो. अर्थात, आम्ही उपस्थित आहोत. जर्मन भाषेत यापेक्षा शुद्ध वाक्य होत नाही.

सगळी डोकी वळली. मार्क्टकिर्शेनच्या लोकांपैकी कुणीतरी हसले.

“डॉक्टर,” सरपंच सौम्यपणे म्हणाले, “ही हाक घरांची आहे.”

“त्याच कारणाने मी बोललो. त्या घरात जो चूल पेटवतो तो श्मीड, हे आपले शब्द आहेत. गुत्त्यात, साक्षीदारांसमक्ष उच्चारलेले. सप्टेंबरपासून ती चूल मी पेटवत आहे. मी आता अर्धा राहिलेलो नाही.”

“लाकूड आडवं रचतो म्हणे,” गर्दीतून एक बाई म्हणाली.

“आता उभे रचतो,” मी म्हणालो.

हशा पिकला. सरपंच हसले नाहीत. “पण ‘आम्ही’ म्हणजे कोण, डॉक्टर? तुम्ही तर एकटे.”

“एक मी,” मी म्हणालो, “आणि एक त्या तिथे, ज्या ऐकत आहेत.” आणि हाताने खिडकी दाखवली. आता सगळ्यांनी तिकडे पाहिले. पडदा हलला नाही.

सरपंचांनी कपाळ पुसले. “ठरवणं माझ्याकडे नाही. इग्नात्स, ऐकलंस?”

इग्नात्स यांनी उजवा कान पुढे केला, मग डावा. “कोण बोललं?”

“श्मीडकडचे डॉक्टर.”

“मला काही ऐकू आलं नाही.”

पटांगणभर प्रत्येकाला ऐकू गेले होते. मी संतापलो, क्षणभरच. इग्नात्स माझ्याकडे रोखून पाहत होते, कान तसाच पुढे केलेला, वाट पाहत असल्यासारखा. त्यांना काय ऐकू येत नव्हते, ते मला कळले. मी टोपी काढली. चर्चकडे पाठ करून मी आमच्या खिडकीकडे तोंड केले, आणि जे वाक्य होऊ शकत नाही असे मी सिद्ध केले होते, ते म्हणालो.

“मिया सान् दो.”

‘सान्’चा अनुनासिक चुकला. ‘दो’ फार लांबला. कुणी हसले नाही.

इग्नात्स उभे होते. काठी दगडापासून वीतभर वर होती, आणि तिथेच राहिली. मग ते सरपंचांना म्हणाले, “पुढचं घर घे.”

पुढचे नाव पुकारले गेले, ओ आली, काठी पडली. मी झाडाखालून निघून घरी आलो.

जिना चढताना काय सांगावे, याची वाक्ये मी रचत होतो. वर आलो, तर खोली गारठली होती आणि क्रेझेंत्सबाई उशीला टेकून अर्धवट बसलेल्या. मी खिडकी लावली, खाली जाऊन चुलीत लाकूड घातले, पुन्हा वर आलो.

“आपण आडव्या व्हा. हाड हलेल.”

“तुमचा आवाज आला,” त्या म्हणाल्या. “दोनदा. काठीचा नाही आला.”

“काठी पडली नाही.”

“तेच म्हणते मी. नाही आला.” त्या आडव्या झाल्या. बाहेर मिस्सेची घंटा झाली, घोडे पटांगणात पाय आपटत राहिले, गाणे सुरू झाले आणि थांबले. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, “दुसऱ्या वेळी काय म्हणालात? नीट ऐकू आलं नाही.”

नीट ऐकू आले होते. मी इग्नात्स यांना पुरता ओळखत नव्हतो, पण क्रेझेंत्सबाईंना ओळखत होतो.

“मी म्हणालो, आपण इथे आहोत.”

“आपन,” त्या म्हणाल्या. या वेळी मी दुरुस्त केला नाही.

जिन्यावर पाऊल वाजले, जड, एका पायरीवर थांबून दुसरीवर येणारे. इग्नात्स दारात उभे राहिले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात फडक्यात गुंडाळलेला गोल पाव, अजून उबदार. त्याचा वास खोलीभर पसरला. त्यांनी क्रेझेंत्सबाईंकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि दम खाल्ला.

“असं पूर्वी कधी झालं नव्हतं,” ते म्हणाले. “मला मिस्सा होईपर्यंत विचार करायचा होता.”

“केलास?” बाईंनी विचारले. त्यांचा आवाज काठीसारखा ताठ होता.

इग्नात्स पुढे आले. पाव पलंगाच्या कडेला, त्यांच्या हाताशी ठेवला. मग काठी उचलून खोलीच्या लाकडी जमिनीवर एकदा आपटली, इतकी हळू की पटांगणात कुणाला ऐकू गेली नसती. आणि माझ्याकडे वळले. तीन वर्षे हा मनुष्य मला ‘तुम्ही’ म्हणत आला होता.

“उच्चार वाईट आहे तुझा, श्मीड,” ते म्हणाले. “घर आहे.”